उत्तरकथेतला पूर्वेतिहास

रुग्णाला हात लावण्यापूर्वी त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे, हा धडा वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला वॉर्डात पाऊल ठेवल्याबरोबर मिळतो. या ऐकून घेण्याला आपण ‘हिस्टरी’ म्हणतो. पुढे काही आठवड्यांनी किंवा वर्षांनी तोच रुग्ण परत येतो आणि त्याचे काय झाले ते कळते, त्याला आपण ‘फॉलो-अप’ म्हणतो. ही दोन्ही कामे एकदम करणारा एक प्रकार वाङ्मयातही आहे. त्याचे नाव उत्तरकथा. आजची मुले त्याला ‘सीक्वेल’ म्हणतात. चांगली उत्तरकथा गोष्ट पुढे नेते आणि पहिल्या भागात न उलगडलेले कारणही सांगते.

कुमारवयातल्या मुलांना उत्तरकथांची विलक्षण ओढ असते. हॅरी पॉटरचे सातही भाग ओळीने वाचून संपवणारी मुले प्रत्येक बालरोगतज्ज्ञाला भेटतात. हा वेळेचा अपव्यय तर नव्हे ना, असे त्यांचे पालक काळजीने विचारतात. अशा पालकांसाठी, आणि स्वतः डॉक्टर असूनही गोष्टीचे पुस्तक हाती घ्यायला संकोचणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंसाठी, आज एका जुन्या उत्तरकथेविषयी लिहावेसे वाटते. ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाची ‘द मिस्टीरियस आयलंड’, म्हणजे ‘गूढ बेट’, ही ती कादंबरी. निवडीला कारण आहे. या कथेतला अदृश्य नायक भारतीय आहे, तिच्यातला सर्वांत उत्कंठेचा प्रसंग क्विनिनच्या एका डबीभोवती फिरतो, आणि तिच्या प्रचलित इंग्रजी भाषांतरात नायकाची हिस्टरीच बदलून टाकलेली आहे.

तीन पुस्तकांचा प्रवास

व्हर्नचा जन्म १८२८ सालचा, मृत्यू १९०५ सालचा. पिएर-ज्यूल हेत्झेल या प्रकाशकाने १८६४ साली कुटुंबातील मुलांसाठी ‘शिक्षण आणि मनोरंजन’ अशा नावाचे नियतकालिक सुरू केले आणि व्हर्नच्या अनेक कादंबऱ्या त्यातून क्रमशः प्रसिद्ध झाल्या. या मालेचे नावच ‘विलक्षण प्रवास’ असे होते. भूगोल, खगोल, प्राणिशास्त्र असे सगळे विषय प्रवासाच्या ओघात मुलांच्या गळी उतरवावेत, हा हेत्झेलचा हेतू. मराठी मुलांना व्हर्नची ओळख करून दिली ती मुख्यतः भा. रा. भागवतांनी. फास्टर फेणेचे जनक म्हणून आपण त्यांना ओळखतोच.

‘गूढ बेट’ १८७४ आणि १८७५ अशी दोन वर्षे क्रमशः छापली जात होती. ती एकाच वेळी दोन कादंबऱ्यांची उत्तरकथा आहे. पहिली ‘कॅप्टन ग्रँटची मुले’. तिच्यात मेरी आणि रॉबर्ट ही भावंडे, बाटलीतल्या पाण्याने पुसट झालेल्या एका चिठ्ठीच्या आधारे, दक्षिण गोलार्धातल्या सदतिसाव्या अक्षवृत्तावरून पृथ्वीला वळसा घालत हरवलेल्या वडिलांना शोधतात. दुसरी ‘समुद्राखाली वीस हजार लीग’. नॉटिलस पाणबुडीचा तो कोपिष्ट, विद्वान, एकाकी कॅप्टन नेमो आपल्या परिचयाचा आहे. पहिल्या कथेतला गुन्हेगार आयर्टन आणि दुसऱ्या कथेतला नेमो हे दोघेही तिसऱ्या कथेत पुन्हा भेटतात.

पाच माणसे, एक कुत्रा आणि गव्हाचा एक दाणा

कथा सुरू होते मार्च १८६५ मध्ये. अमेरिकेतले यादवी युद्ध चालू आहे. वेढा पडलेल्या रिचमंड शहरातून पाच माणसे वादळी रात्री वाफेऐवजी वायूने भरलेल्या फुग्यातून पळ काढतात आणि प्रशांत महासागरातल्या निर्जन बेटावर येऊन आदळतात. अभियंता सायरस स्मिथ, पत्रकार गिडियन स्पिलेट, खलाशी पेनक्रॉफ, स्मिथचा एकनिष्ठ सोबती, पूर्वाश्रमीचा गुलाम नेब, आणि पंधरा वर्षांचा हर्बर्ट. बरोबर टॉप नावाचा कुत्रा. फुगा हलका करण्यासाठी त्यांनी होते नव्हते ते सगळे समुद्रात फेकून दिलेले असते. उरतात अंगावरचे कपडे, दोन घड्याळे आणि कुत्र्याच्या गळ्यातला पोलादी पट्टा.

पुढची अनेक प्रकरणे या शून्यातून संसार उभा करण्याची आहेत. स्मिथ दोन घड्याळांच्या काचा एकमेकींवर ठेवतो, आत पाणी भरतो, कडा चिकणमातीने बंद करतो आणि त्या भिंगातून अग्नी पेटवतो. कुत्र्याच्या पट्ट्यापासून सुऱ्यांची पाती होतात. मग विटा, मडकी, लोखंड, नायट्रोग्लिसरिन आणि अखेरीस तारायंत्रसुद्धा. रसायनशास्त्राचा तास ज्याला नकोसा होतो असा मुलगाही ही प्रकरणे पुन्हा पुन्हा वाचतो.

एका पावसाळी दिवशी हर्बर्टच्या कपड्याच्या अस्तरात गव्हाचा एकुलता एक दाणा सापडतो. पेनक्रॉफला त्यात काहीच विशेष वाटत नाही. स्मिथ त्याला हिशेब मांडून दाखवतो. एका दाण्याला दहा ओंब्या, एका ओंबीत ऐंशी दाणे. म्हणजे पहिल्या पिकाला ८००, दुसऱ्याला ६,४०,०००, तिसऱ्याला ५१ कोटी २० लाख आणि चौथ्याला चाळीस हजार कोटींहून अधिक. मग तो दाणा पाखरांपासून आणि किड्यांपासून राखणे हे पाच माणसांचे व्रत होऊन बसते. धीर धरण्याचा याहून सोपा धडा मला ठाऊक नाही. परीक्षेचा निकाल, उंची, व्यायामाचा परिणाम, सगळे काही उद्याच हवे असणाऱ्या वयासाठी तो फार मोलाचा आहे.

क्विनिनची डबी

बेटावर आपल्याखेरीज आणखी कोणी तरी आहे, ही शंका या मंडळींना हळूहळू येऊ लागते. बुडणारा स्मिथ किनाऱ्यापासून दूर सुरक्षित जागी सापडतो. नेमकी हवी तीच हत्यारे आणि पुस्तके असलेली पेटी वाळूवर येऊन पडते. चाच्यांचे जहाज अचानक फुटून बुडते. उपकारकर्ता मात्र दिसत नाही.

डॉक्टरांनी मुद्दाम वाचावा असा प्रसंग १८६७ च्या अखेरीस घडतो. बेटावर उतरलेल्या कैद्यांच्या गोळीने हर्बर्टच्या छातीला आरपार जखम होते. स्पिलेट डॉक्टर नव्हे. पत्रकार म्हणून रणांगणावर जे पाहिले त्या बळावर तो थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवतो, जखम वाहती ठेवतो आणि वाट पाहतो. लिस्टरचे कार्बोलिक आम्लाविषयीचे लेख ‘लॅन्सेट’मध्ये आले ते याच १८६७ साली, हे लक्षात घेतले म्हणजे त्याच्या सावधपणाचे कौतुक वाटते. जखम भरत येते, आणि तोच थंडी वाजून ताप भरतो. पुन्हा उतरतो, पुन्हा भरतो. स्पिलेट निदान करतो, प्राणघातक हिवताप. तिसरी पाळी आली तर मुलगा वाचणार नाही. औषध एकच, क्विनिन. आणि ते बेटावर नाही. विलोच्या सालीचा काढा देऊन पाहतात. सालीतला सॅलिसिन हा ॲस्पिरिनचा पूर्वज. तो ताप थोडा उतरवील, पण हिवतापाला आवरणार नाही. पहाटे रोग्याच्या उशाजवळच्या टेबलावर एक छोटी डबी दिसते. स्पिलेट आतली पांढरी पूड जिभेला लावतो. कडूजहर. क्विनिन सल्फेट!

पहिली मात्रा सुमारे १८ ग्रेनची दिली जाते, म्हणजे आजच्या मापात एक ग्रॅमच्या आसपास. क्विनिनचा ‘लोडिंग डोस’ दर किलोला २० मिलिग्रॅम असतो, आणि सडपातळ कुमाराचे वजन पन्नास किलो धरले तर हिशेब जवळजवळ बरोबर जुळतो. व्हर्नने कोणा वैद्याला विचारले होते की पुस्तक चाळले होते, कोण जाणे. पण मुलांसाठी लिहिताना मात्राही अंदाजपंचे द्यायची नाही, ही त्याची शिस्त आपल्या व्यवसायाला शोभणारी आहे.

एक गंमत मात्र सांगितली पाहिजे. कादंबरी संपली १८७५ साली. हिवतापाचा परोपजीवी लाव्हेराँला अल्जीरियात दिसला १८८० साली, आणि डासाच्या जठरभित्तीत त्याच्या अवस्था रोनाल्ड रॉसला दिसल्या २० ऑगस्ट १८९७ रोजी, आपल्या सिकंदराबादेत. बेगमपेठेतली ती इमारत आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली आहे. ज्या बेटावर वर्षानुवर्षे मनुष्यवस्ती नव्हती, तिथल्या डासांना परोपजीवी मिळणार कोठून? म्हणजे रॉसच्या शोधाने व्हर्नचा हिवताप अशक्य कोटीत नेऊन ठेवला. औषध मात्र अचूक होते. आज गंभीर हिवतापात क्विनिनची जागा आर्टेसुनेटच्या इंजेक्शनने घेतली आहे; तरी त्या पहाटेची ती डबी वाचताना आजही अंगावर काटा येतो.

आयर्टनचे अश्रू

रॉबिन्सन क्रूसोपासून एक समजूत रूढ झाली आहे की, माणूस निर्जन बेटावर एकटा पडला तरी बुद्धीच्या आणि श्रद्धेच्या बळावर माणूसच राहतो. व्हर्न ही समजूत खोडून काढतो. पहिल्या कादंबरीच्या शेवटी कटकारस्थानी आयर्टनला शिक्षा म्हणून एका बेटावर एकटे सोडून देतात. उत्तरकथेत तो सापडतो तेव्हा बारा वर्षे झालेली असतात. केस वाढलेले, वाचा हरपलेली, नजर जनावराची. स्मिथ आणि मंडळी त्याला घरी आणतात, कोंडून ठेवत नाहीत, त्याच्याशी बोलत राहतात. एके दिवशी त्याला रानाच्या कडेला नेतात. तो पळून जाईल अशी सर्वांना भीती वाटते. पण तो जागीच उभा राहतो आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी येते. त्या अश्रूंवरून स्मिथ ताडतो की आतला माणूस परत आला. पुढे आयर्टन आपला अपराध स्वतःहून सांगतो, आणि तरीही ही माणसे त्याला आपल्यात ठेवून घेतात.

आपल्याकडे येणाऱ्या मुलांपैकी कितीतरी जण ‘एकलकोंडा’, ‘उद्धट’, ‘हाताबाहेर गेलेला’ अशी विशेषणे घेऊन येतात. दहा ते एकोणीस या वयाला जागतिक आरोग्य संघटना कुमारवय म्हणते. या वयात विशेषण लवकर चिकटते आणि कारण उशिरा विचारले जाते. घर, शाळा, मित्र, झोप यांविषयी निवांतपणे विचारले की विशेषणामागची हकीकत बाहेर येते. वाचणाऱ्या मुलाला हीच गोष्ट उपदेशाविना कळते. पहिल्या पुस्तकात ज्याचा त्याने मनापासून तिरस्कार केला, त्याच माणसासाठी दुसऱ्या पुस्तकात त्याचे डोळे भरून येतात.

नेमो कोण होता?

अदृश्य उपकारकर्ता म्हणजे कॅप्टन नेमो, हे कादंबरीच्या अखेरीस कळते. ‘नेमो’ या लॅटिन शब्दाचा अर्थच मुळी ‘कोणी नाही’ असा. पहिल्या पुस्तकात आपल्याला केवळ त्याची लक्षणे दिसली होती. तो जमिनीवर पाऊल ठेवत नाही. एक युद्धनौका तो निर्दयपणे बुडवतो आणि मग एका स्त्रीच्या आणि दोन मुलांच्या चित्रापुढे गुडघे टेकून रडतो. सिंहलद्वीपाजवळ एका गरीब पाणबुड्याला शार्कपासून वाचवतो आणि त्याला मोत्यांची थैली देतो. का, हे व्हर्नने तेव्हा सांगितले नव्हते. त्याच्या मनात नेमो हा पोलंडचा, रशियनांनी ज्याचे कुटुंब मारले असा सरदार होता. रशियातला वाचकवर्ग दुखावेल म्हणून हेत्झेलने त्याला विरोध केला, आणि नेमोचा देश अज्ञातच राहिला.

उत्तरकथेत गुहेतल्या पाणबुडीत मरणोन्मुख नेमो आपली हकीकत सांगतो. तो बुंदेलखंडातल्या एका राजाचा मुलगा, राजपुत्र डक्कार. दहाव्या वर्षी त्याला शिक्षणासाठी युरोपात धाडले. तिशीत तो परतला, विवाह झाला, दोन मुले झाली. १८५७ च्या उठावात तो आघाडीवर लढला. उठाव चिरडला गेला, पत्नी आणि मुले मारली गेली. उरलेल्या वीस साथीदारांसह त्याने नॉटिलस बांधली आणि मनुष्यजातीशी संबंध तोडला. साथीदार एकेक करून गेले. साठीचा नेमो बेटाच्या पोटातल्या गुहेत एकटा उरला. आणि मग आकाशातून पाच माणसे पडली. त्यांचे एकमेकांवरचे प्रेम पाहून त्याचे मन हळूहळू वितळले. माणसाला माणसांवाचून जगता येते हा आपला भ्रम होता, अशी कबुली देऊन तो प्राण सोडतो.

भारतीय वाचकाला यात चुका दिसतील. ‘डक्कार’ हे नाव आपल्याकडचे वाटत नाही. बुंदेलखंडाचा हा राजपुत्र म्हैसूरच्या टिपूचा पुतण्या कसा, याचे उत्तर मिळत नाही. कालगणनाही विस्कटलेली आहे. पहिल्या पुस्तकातला नेमोचा प्रवास १८६६ ते १८६८ मधला, आणि उत्तरकथेत १८६८ साली मरणारा नेमो तोच प्रवास सोळा वर्षांपूर्वीचा मानतो. पुस्तकातल्या तळटीपेत तारखांच्या या विसंगतीची दखल घेतलेली आहे. पण १८७५ साली, राणीचे राज्य ऐन भरात असताना, युरोपातल्या मुलांच्या मासिकात १८५७ च्या एका योद्ध्याला थोर पुरुष म्हणून उभे केले गेले, ही गोष्ट लहान नव्हे.

भाषांतरात बदललेली हिस्टरी

हीच गोष्ट इंग्रजीत मात्र तशी पोहोचली नाही. १८७५ च्या सुमारास लंडनमध्ये निघालेले भाषांतर डब्ल्यू. एच. जी. किंग्स्टन यांच्या नावावर प्रसिद्ध झाले. त्यातले बरेच काम त्यांच्या पत्नी ॲग्नेस यांनी केले, असे अभ्यासक मानतात. या भाषांतरात सायरस स्मिथचा सायरस हार्डिंग झाला. त्याने फारसे बिघडत नाही. बिघडते ते नेमोच्या आत्मकथनात. व्हर्नने अन्यायाविरुद्धचा न्याय्य लढा म्हणून रंगवलेला उठाव इथे महत्त्वाकांक्षी संस्थानिकांनी भोळ्या प्रजेला चिथावल्याचा परिणाम होतो. ज्या वाक्यांत नेमोच्या क्रोधाचे कारण होते, नेमकी तीच वाक्ये बदलली गेली. केसपेपर तोच, नाव तेच. पण पूर्वेतिहासाचा रकाना दुसऱ्याच कोणी भरलेला!

स्वामित्वहक्काचे बंधन नसल्याने स्वस्त आवृत्त्यांतून आणि संगणकावर विनामूल्य मिळणाऱ्या प्रतींतून आजही बहुधा हेच भाषांतर हाती येते. आपल्या देशातली मुलेही बहुशः तेच वाचत आली. ओळखण्याची खूण सोपी आहे: अभियंत्याचे नाव हार्डिंग असेल तर ती किंग्स्टन आवृत्ती समजावी. २००१ साली सिडनी क्रॅव्हिट्झ आणि जॉर्डन स्टम्प यांची दोन नवी, मूळ फ्रेंचशी प्रामाणिक भाषांतरे प्रसिद्ध झाली. मुलाला इंग्रजीतून वाचायचे असेल तर त्यांपैकी एक मिळवून द्यावे. मूळ फ्रेंच पुस्तकही संपादकीय कात्रीतून सुटले नव्हते. हस्तलिखितात नेमोच्या अखेरच्या उच्चारात स्वातंत्र्य होते; हेत्झेलने तिथे ईश्वर आणि मायभूमी आणली.

गोडसे भटजींची साक्ष

व्हर्न भारतात कधीच आला नाही. त्याचे बुंदेलखंड पुस्तकांवरून रचलेले आहे. १८८० साली त्याने वाफेच्या यांत्रिक हत्तीतून भारतभ्रमणाची ‘वाफेवरचे घर’ ही कादंबरी लिहिली आणि तिच्यात नानासाहेब पेशव्यांना खलनायक केले. डक्कारला सहानुभूती देणारी लेखणी पाच वर्षांत अशी फिरली.

याच बुंदेलखंडाचे, याच काळातले प्रत्यक्ष प्रवासवर्णन मराठीत आहे, हे आपल्या मुलांना आवर्जून सांगितले पाहिजे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या वणव्यात सापडले. १८५८ च्या मार्च-एप्रिलमध्ये सर ह्यू रोजच्या सैन्याने झाशीला वेढा दिला, तेव्हा ते शहरात होते. लूट, कत्तल, तहान आणि भीती त्यांनी डोळ्यांनी पाहिली. त्यांचा ‘माझा प्रवास’ चिंतामणराव वैद्यांनी संपादित करून १९०७ साली प्रसिद्ध केला. मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती पुढे दत्तो वामन पोतदारांनी आणली. म्हणजे मराठीतही सावध संपादन आधी आणि मूळ शब्द नंतर, असाच क्रम झाला. राजपुत्र डक्कारची कल्पित हकीकत वाचून ज्या मुलाचे कुतूहल चाळवले आहे, त्याच्या हाती गोडसे भटजी द्यावेत. भाषा थोडी जुनी आहे. पहिली काही पाने वडीलधाऱ्यांनी मोठ्याने वाचून दाखवली तर पुढची पाने मुलगा स्वतः वाचील.

मुलाच्या हाती देताना

बारा-तेरा वर्षांचे वय या वाचनाला योग्य. क्रम शक्यतो प्रकाशनाचाच ठेवावा: आधी ग्रँटची मुले, मग नॉटिलस, मग बेट. संक्षिप्त आवृत्तीने सुरुवात करायला हरकत नाही. जुन्या काळाच्या काही खुणा पुस्तकात आहेत. नेबचे चित्रण त्याच्या मोठ्या मनाला न्याय देते, तरी तो अखेरपर्यंत सेवकच राहतो. कृष्णवर्णीयांविषयीचे काही उल्लेख आज खटकतात. ती पाने लपवू नयेत, त्यांवर मुलाशी बोलावे. टायफॉइडनंतरची सक्तीची विश्रांती किंवा प्लॅस्टरमधला पाय यांसारखी दुसरी संधी नाही. मी स्वतः अशा मुलांच्या चिठ्ठीवर औषधांखाली पुस्तकाचे नावही लिहून देतो.

इंग्रजी शाळेत शिकणाऱ्या आपल्या इथल्या मराठी मुलांना दोन्ही भाषांतले भांडार खुले आहे. ते वापरले जावे म्हणून आपल्या मंडळाने एक छोटे काम अंगावर घ्यावे, असे सुचवतो. प्रत्येक बालरोग दवाखान्याच्या प्रतीक्षाकक्षात, जुन्या फाटक्या मासिकांच्या जागी, मराठी आणि इंग्रजी कुमारसाहित्याची वीस-पंचवीस पुस्तके ठेवावीत आणि ती घरी नेण्याची मुभा असावी. काही परत येणार नाहीत. तो तोटा आपण आनंदाने सोसावा.

कादंबरीच्या शेवटी ज्वालामुखीच्या स्फोटाने बेट नष्ट होते. उघड्या खडकावर उपाशी पडलेल्या माणसांना वाचवायला २४ मार्च १८६९ रोजी एक जहाज येते. नेमोने मरण्यापूर्वी दुसऱ्या बेटावर ठेवलेल्या चिठ्ठीमुळे ते तिथवर पोहोचलेले असते. त्याचा कप्तान आहे रॉबर्ट ग्रँट. पहिल्या पुस्तकात वडिलांसाठी पृथ्वी पालथी घालणारा तोच बारा वर्षांचा मुलगा. ज्याला लहानपणी लस टोचली, तो उंचापुरा तरुण होऊन आपल्या बाळाला घेऊन समोर उभा राहावा, तसा तो आनंद आहे. बालरोगतज्ज्ञाइतका तो कोणाला समजणार?